जयश्री तांडेलने मागे घेतलेली गोष्ट

तलासरीच्या बाजारात जयश्री तांडेल कुठे बसली आहे हे शोधावं लागत नाही. तिचा आवाज आधी कानावर येतो. धाकटी डहाणूची बाई, वय पंचेचाळिशीच्या आसपास, अंगाने भक्कम, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. गिऱ्हाईक वारलीत विचारो, गुजरातीत विचारो की मराठीत, ती त्याच बोलीत उत्तर देते आणि भाव तिन्ही बोलींत एकच सांगते. मी तिच्याकडून बरीच वर्षं मासे घेते. ही हकिगत तिनेच मला सांगितली, बरीचशी मासे कापता कापता, आणि थोडी मी स्वतः पाहिली.

तिची शाळा नववीत सुटली. नापास झाली म्हणून नाही. आई आजारी पडली, मासळीची पाटी उचलायला घरात दुसरं कुणी नव्हतं. पुढे लग्न झालं, तेही गावातल्या गावात. नवरा धर्मेश बोटीवर, सासू चंद्रा ओट्यावर बोंबील सुकवणारी, आणि जयश्री बाजारात. एकच मुलगी, हेतल. ती डहाणूच्या कॉलेजात सायन्सला गेली तेव्हा जयश्रीने साऱ्या आळीत पेढे वाटले होते.

त्या वर्षी जूनमध्ये पावसाळी बंदी लागली. बोटी किनाऱ्यावर ओढून झाल्या, जाळी घरात आली. धर्मेश दिवसभर जाळी तुणत, म्हणजे फाटलेली सांधत, बसायचा. जयश्रीकडे सुकी मासळी विकण्यापलीकडे काम नव्हतं. रिकामं बसणं तिला जमत नाही. हेतलचं कपाट आवरायला काढलं, तर त्यात एक जाडसर मराठी पुस्तक निघालं. हेतलने ते पुस्तकांच्या प्रदर्शनातून हौसेने आणलं होतं आणि चार पानं वाचून ठेवून दिलं होतं. जयश्रीने सहज उघडलं, आणि समोर निवटीचं चित्र.

निवटी म्हणजे आमच्या खाडीच्या चिखलात सरपटणारा, डोक्यावर डोळे असलेला मासा. ओहोटी लागली की पाण्याबाहेर येतो, पुढच्या दोन परांवर अंग टेकून चालल्यासारखा पुढे सरकतो. खाडीकाठच्या पोरांचा खेळ. बाजारात त्याला मान नाही.

"हिच्यावर कुणी पुस्तक लिहिलंय?" जयश्रीने विचारलं.

"हिच्यावर नाही गं आई. उत्क्रांतीवर. जीव कसे बदलत गेले त्याच्यावर," हेतल म्हणाली. "तुला नाही कळायचं, मलाच जड जातंय."

हे शेवटचं वाक्य हेतलने बोलायला नको होतं. जयश्रीने त्याच दुपारी पडवीत पाट टाकला आणि वाचायला बसली.

पुस्तक एका निवृत्त प्राध्यापक बाईंनी लिहिलेलं होतं. साध्या मराठीत, पण घाई न करता. जयश्रीचा वाचायचा सराव सुटलेला. पहिले काही दिवस ती ओळीखाली बोट धरून वाचायची. मग बोट सुटलं. जिथे माशांचा विषय यायचा तिथे ती थांबायची, हसायची आणि सासूला हाक मारायची. "आई, ऐका. मुशीला हाडं नसतात, नुसती कूर्चा असते म्हणे. आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तसली."

"त्यात काय नवीन?" चंद्रा म्हणायची. "मुशी कापताना कोयता अडतो का कधी?"

"अडत नाही, पण का अडत नाही ते ह्यात लिहिलंय."

मुशी म्हणजे लहान शार्क; तिच्या पोटातून जिवंत पिल्लं निघतात हे जयश्रीने शेकडो वेळा पाहिलं होतं. बोंबलाचं तोंड एवढं मोठं आणि अंग इतकं लिबलिबीत, हे रोज हाताखालून जात होतं. पण ही सगळी एकाच फार मोठ्या, फार जुन्या कुटुंबातली माणसं आहेत आणि आपणही त्याच कुटुंबातले, ही गोष्ट तिला नवी होती. तिला ती पटली, आणि आवडली. एकदा आवडली म्हटल्यावर ती गप्प कशी बसणार?

चंद्राला मात्र एक शंका होती. "म्हणजे देवाने केलं नाही म्हणतेस?"

"देवाने काय केलं ते देव जाणे. मासे कसे झाले ते ह्या बाई सांगतात. मी नारळी पौर्णिमेला नारळ घेऊन तुमच्या पुढे चालते की नाही?"

"चालतेस."

"मग झालं."

ऑगस्टमध्ये बोटी पाण्यात गेल्या, मासळी बाजारात आली आणि जयश्रीच्या पाटीवर नवं प्रकरण सुरू झालं. पापलेट कापता कापता ती गिऱ्हाइकाला कल्ला उचलून दाखवायची. माशाच्या पोटातली हवेची पिशवी काढून तळहातावर ठेवायची. लोक थांबायचे. काही हसायचे, काही मागे रांगेतून ओरडायचे. असाच एकदा कोसबाडच्या एका शाळेतला विज्ञानाचा शिक्षक थांबला. दिपक सर. तरुण माणूस, मुलांसाठी धडपडणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, हे आमच्या मुलांना येऊन सांगाल?"

"मासे घेऊन येऊ की नुसती?"

"मासे घेऊनच या."

ती गेली. थर्माकोलच्या पेटीत बर्फ, बर्फात मुशी, बोंबील, बोय, एक खेकडा आणि बादलीत जिवंत निवट्या. मुलं बाकांवरून उठून टेबलाभोवती जमली. जयश्रीने निवटी ओल्या फरशीवर सोडली आणि ती सरपटायला लागली तसा वर्गात एकच कल्ला झाला. मग जयश्रीने गोष्ट सांगितली. फार फार जुन्या काळी माशांना जमिनीवर यावंसं वाटलं. पाण्यात गर्दी, पाण्यात शत्रू. ते धडपडले. परांवर जोर देऊन देऊन त्यांचे पर मजबूत झाले. त्यांच्या पिल्लांचे आणखी मजबूत झाले. पिढ्यान्‌पिढ्या जोर देत देत परांचे पाय झाले. "धडपडला तो जमिनीवर आला," ती म्हणाली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

गोष्ट इतकी छान झाली की सरांनी दुसऱ्या शाळेत सांगितलं, त्यांनी तिसऱ्या. बाजार नसेल त्या दिवशी जयश्री पेटी आणि बादली घेऊन रिक्षाने निघायला लागली. घरातून थोडी कुरकुर झाली, पण धर्मेश एकदा शाळेच्या खिडकीत उभा राहून ऐकून आला आणि त्यानंतर बर्फ तोच भरून द्यायला लागला.

असं करत करत ती वेवजीला पोचली. गुजरातच्या हद्दीला लागून असलेलं गाव, पाड्यांतून विखुरलेलं. शाळा लहान, वर्ग दोनच, त्यामुळे व्हरांड्यातच सगळ्यांना बसवलं होतं. बाजूला पोषण आहाराची खिचडी शिजत होती. शिजवणारी बाई बायजी, साठीला टेकलेली, कमरेला लुगडं घट्ट खोचलेलं. हातात पळी तशीच धरून ती खांबाला टेकून ऐकत होती.

जयश्रीने गोष्ट सांगितली. निवटी सरपटली, मुलं ओरडली, टाळ्या झाल्या. मग बायजी म्हणाली, "बाय, एक विचारू?"

"विचार ना."

"माझा सासरा जन्मभर ताडावर चढला. ताडी काढायचा. चढून चढून त्याच्या पायांचे तळवे झाडाच्या सालीसारखे झाले होते. अंगठा बाहेर वळला होता. पण माझ्या नवऱ्याचे पाय जन्मले ते तुझ्यामाझ्यासारखेच. तोही चढला, मग त्याचेही झाले. माझ्या लडक्याचे परत सरळ. तो चढतच नाही, कंपनीत जातो." तिने पळी दुसऱ्या हातात घेतली. "सासऱ्याचे पाय पोरात नाही आले. मग माशाचे कसे आले?"

जयश्रीला आठवलं, तिच्या स्वतःच्या आईच्या डोक्यावर पाटी वाहून टक्कल पडल्यासारखी जागा झाली होती. तिच्या डोक्यावर जन्मतः तशी काही नव्हती.

दुसरी कुणी असती तर काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. बाजारात बसणाऱ्या बाईला ती कला येतेच. जयश्री म्हणाली, "बायजी, ह्याचं उत्तर मला आत्ता येत नाही. पण पुस्तकात असणार. मी बघून येते आणि तुला सांगते."

"ये," बायजी म्हणाली. "खिचडी खाऊन जा."

घरी आल्यावर तिने पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून धरलं. आणि तिला दिसलं की लेखिकेने ती धडपडीची गोष्ट कुठेच लिहिलेली नाही. उलट एक अख्खं प्रकरण होतं, कमावलेली गोष्ट पिल्लांत उतरत नाही म्हणून सांगणारं. जयश्रीने ते प्रकरण वाचलं होतं, पण वाचताना तिच्या मनात आधीच एक गोष्ट तयार होती आणि तिने पुस्तकातले शब्द त्या गोष्टीत बसवले होते. कष्ट केले की फळ मिळतं, ही तिची स्वतःची जगण्याची रीत. ती तिने माशांना चिकटवली होती.

चूक कळली, पण खरं काय ते मनात बसेना. 'नैसर्गिक निवड' असं पुस्तकात पुन्हा पुन्हा येत होतं. निवड म्हटली की कुणीतरी निवडणारा हवा. समुद्र काय बाजारात आलेली बाई आहे, हे नको ते द्या म्हणायला?

दोन दिवस ती तेच प्रकरण उलटसुलट वाचत होती. धर्मेश अंगणात फाटलेलं जाळं दुरुस्त करत होता. त्याने जाळ्याची भोकं, आमच्याकडे त्यांना आस म्हणतात, बोटांनी ताणून मापली आणि म्हणाला, "ह्यातून लहान पापलेट सुटतात. मोठी अडकतात."

"काय म्हणालात?"

"अगं, रोजचंच. मोठी अडकतात, लहान सुटतात."

जयश्री उठून त्याच्यासमोर येऊन बसली. "आणि सुटलेलीच अंडी घालतात."

"मग? अडकलेली कशी घालणार? ती तुझ्या पाटीवर."

"अहो, थांबा. समजा त्यातली काही जातीनेच लहान असतील. पुरी वाढ झाली तरी लहानच राहणारी. ती सुटणार. त्यांची पिल्लं त्यांच्यासारखी. पुन्हा जाळं. पुन्हा लहान सुटली. असं करत करत..."

"सगळी पापलेटं लहान," धर्मेश म्हणाला. मग हातातली सुई खाली ठेवून तो म्हणाला, "बाबांच्या वेळी ताटाएवढी यायची."

"जाळ्याने कुणाला लहान केलं नाही," जयश्री जवळजवळ ओरडलीच. "जाळ्याला काही माहीतच नाही! ते नुसतं पाण्यात उभं आहे. एकाही पापलेटाने लहान व्हायची धडपड केली नाही. जी लहान होती ती राहिली. एवढंच!"

धर्मेशला ते सगळं पटलं नाही. त्याचं म्हणणं, पापलेट लहान मिळतात कारण वाढू न देताच आपण धरतो, त्यात जातीचा काय संबंध? जयश्रीने कबूल केलं की तेही खरं असेल, पुस्तकातही तसं सावध लिहिलं आहे, आणि आपल्या समुद्रात कुठलं किती हे ओट्यावर बसून सांगता येणार नाही. पण तिला हवं होतं ते मिळालं होतं. निवडणारा कुणी नसतानाही निवड कशी होते, हे तिच्या घरातच अंगणभर पसरलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात ती वेवजीला गेली. ह्या वेळी बादली नव्हती. जाळ्याचा एक तुकडा होता, चौकटीवर ताणून बांधलेला. तिने बायजीला स्वयंपाकाच्या खोलीतून गोल बटाटे आणि मूठभर कांदे मागितले. बायजीने लहान-मोठे निवडून आणले. मुलांनी ते जाळ्यावर ओतले. मोठे वर राहिले, लहान खाली पडले. वर राहिलेले बायजीने टोपात टाकले. "हे गेले कालवणात," ती म्हणाली. खाली पडलेल्यांना जयश्रीने 'पिल्लं' दिली, म्हणजे प्रत्येकाबरोबर टोपलीतून त्याच्याच मापाचे आणखी ठेवले, मधूनच एखादा किंचित लहान, एखादा किंचित मोठा. पुन्हा जाळं. पुन्हा कालवण. काही फेऱ्यांनी जमिनीवर मोठा बटाटा उरलाच नाही.

"बटाट्यांनी धडपड केली का?" जयश्रीने विचारलं.

"नाही!" मुलं ओरडली.

"जाळ्याने निवडलं का?"

इथे मुलं गोंधळली. काही हो म्हणाली, काही नाही. जयश्रीला ते बघून बरं वाटलं, कारण ती स्वतः तिथेच दोन दिवस अडकली होती. मग तिने माशांची गोष्ट नव्याने सांगितली. उथळ, चिखलाच्या पाण्यात राहणारे मासे. काहींचे पर जन्मतःच जरा जाड, जरा टेकता येण्यासारखे. पाणी आटलं, झाडपाल्याने भरलं, तेव्हा त्यांना दोन घास जास्त मिळाले, दोन पिल्लं जास्त जगली. हे इतक्या पिढ्या चाललं की मोजायला आपल्याकडे आकडा नाही. पायांची हौस कुणालाच नव्हती. आणि निवटी आपली आजी नाही, ती आपली आजच्या काळातली लांबची बहीण. ती फक्त दाखवते की चिखलात जगायला तसे पर उपयोगी पडतात.

बायजी खांबाला टेकून ऐकत होती. "म्हणजे माझ्या सासऱ्याचे पाय त्याच्याबरोबर गेले," ती म्हणाली.

"गेले."

"पण त्याचे लांब हात माझ्या लडक्याला आलेत. ते त्याने कमावले नव्हते, ते त्याला होतेच."

"ते आले," जयश्री म्हणाली. "तेच येतं."

बायजी हसली आणि कालवणाकडे बघायला आत गेली. त्या दिवसापासून त्या दोघींची जी गट्टी जमली ती अजून आहे. बायजी बाजारात आली की पाटीमागे बसते, गिऱ्हाइकांना पिशव्या धरून देते आणि बोलता बोलता जयश्रीच्या अर्ध्या गोष्टी स्वतःच सांगून टाकते.

पण जयश्रीचं काम संपलं नव्हतं. वेवजीच्या आधी ज्या शाळांत ती गेली होती, तिथे सगळीकडे ती जुनी गोष्ट पडून होती. तिने दिपक सरांना फोन केला. "सर, मला परत यायचंय. मी चुकीचं सांगितलं."

सरांना आधी आपलंच वाईट वाटलं. त्यांनी गोष्ट ऐकली होती, त्यांनाही छान वाटली होती, आणि कार्यक्रमाच्या गडबडीत ते काही बोलले नव्हते. "राहू द्या हो ताई. मुलांना निवटी आठवते, गोष्ट विसरली असतील. पुढच्या वर्षी नीट सांगू."

"सर, खराब मासा विकला तर बाई दुसऱ्या दिवशी पाटीवर येऊन भांडते. ही गोष्ट घेऊन गेलेलं पोर ती परत आणून देणार नाही. मलाच जायला पाहिजे."

ती सगळीकडे गेली. सगळ्यात अवघड कोसबाडच गेलं, कारण मुलं काहीच विसरली नव्हती. जयश्रीने जाळं मांडलं, बटाटे झाले, नवी गोष्ट झाली. मग मागच्या बाकावरची दक्षा नावाची मुलगी उठली. आठवीतली, वेणी घट्ट घातलेली, हिशेब मागायला आल्यासारखी.

"मावशी, आधीची गोष्ट चांगली होती."

"चांगली होती, पण खरी नव्हती."

"पण त्यात मासा मेहनत करत होता. ह्यात तो काहीच करत नाही. ज्याचे पर जाड तो जगला. मग मेहनत करून उपयोग काय?"

दिपक सर मध्ये पडायला निघाले. जयश्रीने त्यांना हाताने थांबवलं. ती टेबलापासून दक्षाच्या बाकापर्यंत चालत गेली.

"मेहनत करून मी पोहायला शिकले. ते माझ्या हेतलला पोटातून आलं नाही. मग काय केलं मी? तिला पाण्यात घातलं आणि शिकवलं. माशाला ते जमत नाही, तो शिकलेलं पिल्लाला देऊ शकत नाही. आपण देतो. म्हणून तर मी इथे आले आणि तू बसलीस."

दक्षाने विचार केला. "म्हणजे माणसांचं वेगळं?"

"अंगाचं वेगळं नाही. अंग त्याच रीतीने आलं. शिकलेलं वेगळ्या रीतीने जातं."

"पण मग जो मासा जोर करायचा, त्याला जास्त खायला मिळालं असणार ना? तोही जगला असणार."

जयश्रीने डोक्याला हात लावला. "असेल," ती म्हणाली. "जगला असेल. पण त्याची पिल्लं जन्मताना जोर घेऊन नाही आली."

"आणि ज्याला जोर करायची सवयच जन्मतः असेल?"

आता जयश्रीने सरांकडे बघितलं. सरांनी हळूच म्हटलं, "सवय जन्मजात असेल तर ती येऊ शकते." दक्षा म्हणाली, "बघा!" आणि वर्गात हशा पिकला. तास संपल्याची घंटा झाली तरी चार-पाच मुली टेबलाभोवती वाद घालत उभ्या राहिल्या. दक्षाला पूर्ण पटलं असं काही दिसलं नाही. तिने जयश्रीजवळचं ते पुस्तक मागून घेतलं. "मी स्वतः वाचते," ती म्हणाली.

मी त्या दिवशी तिथे होते. परतताना रिक्षात मी जयश्रीला विचारलं, एवढा त्रास घेतलास आणि पोरीला पटलंच नाही, वाईट नाही वाटलं?

"हे लगेच पटलं असतं, तर उद्या मी पुन्हा काही चुकीचं सांगितलं तेही तिला पटलं असतं," ती म्हणाली. पेटी पायात धरून ती खुशीत होती. मग तिने फोन काढून हेतलला विचारलं की त्या लेखिकेचं दुसरं काही पुस्तक आहे का, कारण आता घरात वाचायला काही उरलेलं नाही.